नारळ, वेगेनर आणि फेल गेलेली बोअर

जमिनीखालचं पाणी शोधायच्या आमच्या धंद्यात वेगेनरचं, म्हणजे खंड सरकतात असं सांगणाऱ्या शास्त्रज्ञाचं, नाव निघतं ते हमखास नारळाच्या, म्हणजे तळहातावर नारळ ठेवून पाणी सांगणाऱ्या पाणाड्यांच्या बाजूने.

मी भूजलाची पाहणी करतो. रेझिस्टिव्हिटी मीटर (जमीन विजेला किती अडवते ते मोजणारं मशीन), चार सळया, वायरची रिळं आणि एक मदतनीस घेऊन अंबाजोगाई, केज, धारूरच्या शिवारांत हिंडणं हे माझं पोट. शेतात पोचावं तर तिथे आधीच हळदकुंकू लावलेली दगडांची रास असते, म्हणजे पाणाड्या येऊन गेलेला असतो. मग त्याची जागा की माझी, यावर बांधावर सभा भरते आणि त्या सभेत शहरातून आलेला एखादा पुतण्या असतोच. मागच्या उन्हाळ्यातला पुतण्या पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये होता. म्हणाला, “सर, सायन्सवाल्यांचा प्रॉब्लेम हाच आहे. चौकटीबाहेरचं काही आलं की आधी हसायचं. वेगेनरलाही हसलेच होते ना?”

हसले होते, खरं आहे. पण ज्या काळ्या पाषाणावर उभा राहून तो हे बोलत होता, त्याच पाषाणाने पुढे वेगेनरची बाजू राखली, हे त्याच्या गावीही नव्हतं. बोअरची गाडी यायची वेळ झाली होती, म्हणून तिथे विषय वाढवला नाही. इथे वाढवतो.

आल्फ्रेड वेगेनर मूळचा हवामानशास्त्रज्ञ. खंड एकेकाळी एकत्र होते आणि नंतर सरकत दूर गेले, हे त्याने 1912 साली फ्रँकफर्टला भर सभेत मांडलं. त्याच्याकडे पुरावा नव्हता असं मुळीच नाही. ग्लॉसोप्टेरिस नावाच्या वनस्पतीच्या पानांचे ठसे आपल्या नागपूरजवळ कामठीच्या वालुकाश्मात सापडतात, आणि तेच आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलियातही. एवढे समुद्र ओलांडून ते झाड गेलं कसं? प्रश्न रास्त होता. पण खंड कशाच्या जोराने सरकतात याचं जे उत्तर त्याने दिलं, ते लंगडं होतं. त्याने सुचवलेली बलं त्या कामाला कितीतरी अपुरी पडतात, हे हॅरोल्ड जेफ्रीज या ब्रिटिश शास्त्रज्ञाने गणित करून दाखवलं. शिवाय ग्रीनलंड युरोपपासून वर्षाला कित्येक मीटर दूर जातंय, असा वेगेनरचा दावा होता. आज मोजमाप आहे. वेग वर्षाला दोनेक सेंटिमीटर भरतो.

म्हणजे विरोधकांचे काही आक्षेप बिनतोड होते. आणि काही निव्वळ भाऊबंदकीचे होते: हा हवामानवाला, याला दगडातलं काय कळतं? 1926 साली न्यूयॉर्कच्या परिषदेत त्याच्या कल्पनेवर झोड उठली, त्यात दोन्ही प्रकार होते. 1930 मध्ये तो ग्रीनलंडच्या बर्फात मरण पावला. त्याचं म्हणणं खरं ठरल्याचं त्याला बघायला मिळालं नाही.

पुतण्यांची गोष्ट इथे संपते. माझ्या मते खरी गंमत इथून पुढे आहे.

लाव्हा थंड होताना त्यातले लोहयुक्त कण त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरून गोठतात. विषुववृत्तापाशी ही दिशा जवळजवळ आडवी असते, ध्रुवाकडे जावं तशी तिरकी होत जाते. म्हणजे खडक कोणत्या अक्षांशावर जन्मला त्याची नोंद खडकातच राहते. 1950च्या दशकात लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात ब्लॅकेट या भौतिकशास्त्रज्ञाच्या गटाने आणि आपल्या मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सहस्रबुद्धे, राधाकृष्णमूर्ती यांनी दख्खनच्या बेसाल्टचे, म्हणजे आपल्या याच काळ्या पाषाणाचे, नमुने तपासले. हे खडक सुमारे साडेसहा कोटी वर्षांचे. ते तयार झाले तेव्हा ही जमीन विषुववृत्ताच्या बऱ्याच दक्षिणेला होती, असं त्यांतून निघालं. भारत सरकलाय! समुद्रतळावरच्या चुंबकीय पट्ट्यांचा अर्थ, म्हणजे तो तळच पसरतोय हा, 1963 नंतर लागला आणि दशक संपेपर्यंत बहुतेक विरोधकांनी हात टेकले.

पन्नासेक वर्षं लागली. फार लागली, हे मी कुठेही कबूल करीन. पण दार उघडलं ते कुणी मनाचा मोठेपणा दाखवला म्हणून नाही. दगड फोडून, नमुने मोजून, आकडे समोर ठेवले म्हणून.

आता नारळ.

त्या शेतावरचे पाणाडी आप्पा सत्तरी ओलांडलेले, स्वच्छ धोतर, बोलायला गोड. मला आवडले. त्यांनी सोललेला, शेंडी राखलेला नारळ तळहातावर आडवा ठेवला, शेंडी बोटांकडे, आणि अनवाणी चालू लागले. डोळे अर्धवट मिटलेले. मी त्यांच्या मनगटाकडे बघत होतो. लिंबाच्या झाडापासून थोडं पुढे, जिथे जमीन किंचित खोलगट होते तिथे, आप्पांची पावलं बारीक झाली. अंगठ्याच्या मुळाशी एक स्नायू हलला, तळहात कणभर वाकला आणि नारळ टुणकन उभा राहिला. सगळ्यांनी श्वास सोडला. “दोन झरे मिळायलेत इथं. अडीच इंची पाणी हाय,” आप्पा म्हणाले. माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, “तुमचं मशीन काय म्हणायलंय, साहेब?”

आप्पा लबाडी करत नव्हते, याची मला खात्री आहे. हात आपल्या नकळत हलतो. हे काही मी आजच्या माजातून बोलत नाही. 1853 साली लंडनमध्ये टेबलं फिरवायचं वेड आलं होतं. माणसं टेबलावर हात ठेवून बसत आणि टेबल ‘आपोआप’ सरके. मायकेल फॅरेडे, त्या काळातला विज्ञानाचा सर्वात मोठा माणूस, नाक मुरडून घरी बसला नाही. त्याने हात आणि टेबल यांच्यामध्ये पुठ्ठ्याचे थर मऊ चिकट लेप देऊन ठेवले. टेबल स्वतः सरकत असेल तर खालचा थर आधी सरकायला हवा. सरकला वरचा, म्हणजे हाताकडचा. मग त्याने हात हलला की दिसेल असा एक काटा बसवला. बसणाऱ्यांना तो काटा दिसू लागल्याबरोबर टेबल थांबलं.

पाणाड्यांच्या वाट्यालाही अशी तपासणी आली आहे, तीही सरकारी खर्चाने. 1987-88 साली म्युनिकजवळ एका गोठाराच्या तळमजल्यावर पाण्याचा पाइप मागेपुढे हलवत ठेवला आणि पाणाड्यांनी वरच्या मजल्यावर दहा मीटरच्या रेघेवर त्याची जागा सांगायची होती. सुमारे पाचशे जणांतून 43 निवडले, 843 चाचण्या घेतल्या. बहुतेकांचं काहीच जुळलं नाही. मोजक्या काहींना जमतं, असं प्रयोग करणाऱ्यांचं म्हणणं पडलं. पुढे जिम एनराइट या अमेरिकी शास्त्रज्ञाने तेच आकडे पुन्हा चाळले तेव्हा दिसलं की त्या निवडक लोकांचा अंदाजही, डोळे मिटून प्रत्येक वेळी रेघेचा मध्य सांगणाऱ्यापेक्षा सरस म्हणावा असा नव्हता.

तरी पाणाड्याच्या जागी पाणी लागतंच की! लागतं. आमच्याकडे वरचा मुरूम आणि झिजलेला पाषाण पाणी धरून असतो, खाली भेगा असतात. बऱ्याच शेतांत कुठेही बोअर घेतलं तरी थोडंफार पाणी मिळतं. शिवाय आप्पांसारखा माणूस जन्मभर जमीन वाचत आलेला असतो. खोलगट भाग, हिरवं राहिलेलं झाड, वारूळ त्याच्या नजरेतून सुटत नाही. ही नजर विज्ञानाच्या बाहेरची नाही. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत दकार्गल नावाचा अख्खा अध्याय आहे: जांभळाच्या पूर्वेला जवळ वारूळ असेल तर झाडाच्या दक्षिणेला तीन हातांवर, दोन पुरुष खोल गोड पाणी. तिरुपतीच्या विद्यापीठातले ई. ए. व्ही. प्रसाद यांनी 1980च्या सुमारास या खुणांचा भूजलाच्या अंगाने अभ्यास केला. असं विधान मला फार आवडतं, कारण ते खोटं पडू शकतं. जांभूळ शोधा, वारूळ बघा, खणा. नारळाचं तसं नाही. पाणी लागलं तर नारळाचं यश, नाही लागलं तर बाईमाणूस आडवं गेलं किंवा गाडीवाल्याने जागा हलवली.

मग आम्ही विज्ञानवाले धुतल्या तांदळासारखे? छे. मी लातूर-बीडकडचा माणूस, मला किल्लारी विसरता येत नाही. दख्खनचं पठार म्हणजे स्थिर ढाल, इथे मोठा भूकंप होत नाही, असं पाठ होतं. 11 डिसेंबर 1967 ला कोयनेने त्याला तडा दिला, 6.3 तीव्रतेचा. पण तिथे धरण होतं, त्यामुळे कोयना अपवादात टाकता आली. लातूर भूकंपाच्या नकाशात सर्वात कमी धोक्याच्या पहिल्या विभागातच राहिलं. 1992 मध्ये किल्लारीच्या परिसरात छोटे धक्के बसत होते. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे हजारो माणसं दगडामातीच्या भिंतींखाली गेली. तो पहिला विभागच नकाशातून काढला गेला 2002 साली. बंद डोकं बघायचं असेल तर इथे बघा. त्यात नवल वाटावं अशी कुठलीही चमत्कारिक कल्पना नव्हती. होती ती नोंद, जिच्याकडे पुरेशा गांभीर्याने पाहिलं गेलं नाही.

आणि नोंदीचं म्हणाल तर आमचा धंदा पाणाड्यांच्याच रांगेत आहे. फेल गेलेल्या बोअरची वही कोण ठेवतं? गाडीवाला फुटांचे पैसे घेऊन रातोरात पुढच्या गावाला. शेतकरी बोलत नाही, कारण कर्ज काढून मातीच उपसली हे भावकीत कळायला नको. पाहणी करणारे आम्ही, आमच्या कार्डावर यशस्वी जागांचे फोटो छापतो. त्यामुळे मशीनने दाखवलेली जागा नारळापेक्षा किती सरस, असं तालुक्याच्या पातळीवर कुणी विचारलं तर मशीनवाल्याजवळही दाखवायला कागद नाही. पुतण्याने मला हे विचारायला हवं होतं. वेगेनरपेक्षा हे जास्त झोंबलं असतं.

तर हे वाचणाऱ्यांत कुणाच्या शेतात गेल्या काही वर्षांत बोअर झालं असेल, तर कळवा. गाव, महिना, किती फूट, केसिंग किती, मुरूम कुठवर, गेरूचा तांबडा थर लागला का, पाणी कितीवर आलं की धूळच निघाली. जागा कुणी दाखवली तेही लिहा: नारळ, काडी, तांब्याच्या तारा, मशीन की स्वतःचा अंदाज. नाव नको, गट नंबर नको. फेल गेलेली आधी पाठवा, आणि त्यातली मशीनवाल्यांची तर अजिबात दाबू नका.