प्रभू येणार, मग विहीर कशाला?

तुम्ही विचारलेत म्हणून लिहितो. शेजारी विचारतात, शाळेतील सहकारी विचारतात, आता आमच्याच मंडळीतील तरुण मुलेही विचारू लागली आहेत: ख्रिस्त परत येणार आणि हे जग सरणार असे तुम्ही मानता, तर कर्ज काढून विहिरी कशाला खोल करता, मोसंबीच्या बागा कशाला लावता? काहींना खरोखर जाणून घ्यायचे असते. पुष्कळांनी मात्र आम्ही एक तर भोळे आहोत किंवा खोटे, असा निवाडा आधीच केलेला असतो. इतकी वर्षे मी मत्तयाच्या शुभवर्तमानाचा चोविसावा अध्याय पुढे करीत आलो की, तो दिवस व ती घटका पित्याशिवाय कोणालाही ठाऊक नाही. उत्तर बरोबरच आहे, पण त्याच्या आड मी स्वतःची एक गोष्ट झाकून ठेवली होती.

१९९९ मध्ये मी चोवीस वर्षांचा होतो आणि शतक संपण्याच्या आत प्रभू येणार, याविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती. एका फिरत्या उपदेशकाच्या सभांना मी रात्रीमागून रात्री बसलो होतो, आणि किल्लारीच्या भूकंपापासून कारगिलच्या युद्धापर्यंत प्रत्येक घटना मला बायबलच्या शेवटच्या, म्हणजे प्रकटीकरणाच्या पुस्तकात सापडत होती. त्याच वर्षी शेवगाव तालुक्यातील आमच्या शेतातली विहीर आणखी २० फूट खोल करण्याचे वडिलांनी ठरवले. मोसंबीची २२० झाडे नुकती फळाला आली होती आणि उन्हाळ्यात विहीर तळ दाखवू लागली होती. कर्ज सात वर्षांत फेडायचे होते. कागदांवर सह्या करायच्या आदल्या रात्री, प्रार्थना आटोपल्यावर, बायबल अजून त्यांच्या मांडीवर उघडे असताना मी म्हणालो, "बाबा, सात वर्षे आहेत कुठे आपल्याजवळ? तुमचा विश्वास प्रभूवर आहे की पाण्यावर?" वडील बराच वेळ गप्प राहिले, मग त्यांनी चष्मा काढून ठेवला, आणि सकाळी ते बँकेत गेले नाहीत. त्या रात्री मला शांत झोप लागली होती, हे लिहिताना आज हात जड होतो.

२००३ च्या दुष्काळात विहीर फेब्रुवारीतच आटली. निम्मी झाडे सोडून देऊन उरलेली निम्मी टँकरच्या पाण्यावर जगवण्याचा प्रयत्न वडिलांनी केला. मे महिन्यात तीही वाळली. तोडायला त्यांनी मजूर लावू दिले नाहीत. ते कुऱ्हाड चालवीत होते आणि मी फांद्या ओढून बांधावर रचत होतो, पण त्या रात्रीची आठवण त्यांनी मला एकदाही करून दिली नाही. शेवटचे झाड पडले त्या संध्याकाळी आम्ही प्रार्थनेला बसलो आणि वडिलांनी रोजच्याप्रमाणे शेवट केला, "ये, प्रभू येशू, लवकर ये." रोजच्याप्रमाणे, म्हणजे मला कळू लागल्यापासून, आणि विहिरीचे बोलणे झाले त्या रात्रीसुद्धा. सात वर्षांचे कर्ज काढू पाहणारा हा माणूस दररोज प्रभूला लवकर ये म्हणत होता आणि त्याला या दोहोंत कधी विरोध जाणवला नव्हता. ते वाक्य मी केवळ त्यांची सवय समजून ऐकत आलो होतो.

मला शिकवणारे कोणी नव्हते, असेही नाही. प्रभूचा दिवस आला अशा समजुतीने गोंधळलेल्या मंडळीत कामधंदा सोडून बसलेल्यांना पौलाने थेस्सलनीकाकरांच्या दुसऱ्या पत्रात स्पष्ट बजावले आहे की, ज्याला काम करायचे नाही त्याने खाऊही नये. १८४४ च्या २२ ऑक्टोबरला अमेरिकेत, त्या दिवशी ख्रिस्त येणार असे मानणाऱ्या, विल्यम मिलर या उपदेशकाच्या काही अनुयायांनी पीक शेतात तसेच ठेवून आकाशाकडे डोळे लावले होते, हेही मी वाचले होते. आणि पंडिता रमाबाईंचे केडगावचे मुक्ती मिशन तर किती जवळ! १९०५ मध्ये तिथे मुली रात्रंदिवस प्रार्थनेत रडत होत्या, त्याच आवारात रमाबाईंनी विहिरी खणल्या, छापखाना चालवला, आणि १९२२ मध्ये डोळे मिटेपर्यंत त्या बायबलच्या भाषांतरात गढलेल्या होत्या.

तरीही तेव्हाचा तो चोवीस वर्षांचा मुलगा माझ्याशी अजून वाद घालतो, आणि मला त्याला पूर्णपणे गप्प करता येत नाही. वडील गेल्यावर, २०१३ मध्ये, मी विहीर खोल केली, बाग पुन्हा लावली, विमाही उतरवला. तो विचारतो, "बाबा झाडे लावूनही वाट पाहत होते, तू पाहतोस का?" गेल्या मे महिन्यात मुलीचे लग्न ठरले. त्या रात्री प्रार्थनेच्या शेवटी वडिलांचे ते शब्द माझ्या ओठांवर आले आणि मी थांबलो, कारण निदान लग्न होईपर्यंत प्रभूने येऊ नये, असे मला मनापासून वाटले होते. मुलीने डोळे उघडून माझ्याकडे पाहिले. मग ते वाक्य तिनेच पुरे केले.