माझंच लेक्चर माझ्या अंगावर आलं तो दिवस

डिसेंबर 2018. गोवर-रुबेलाची मोहीम 27 नोव्हेंबरला राज्यभर सुरू झालेली, 9 महिने ते 15 वर्षं वयाच्या सगळ्या पोरांना टोचायचं होतं, आणि शाळेत ज्यांच्या घरच्यांनी नको म्हटलं त्यांना समजावून अंगणवाडीतल्या सत्राला आणायचं काम आमच्या कॉलेजच्या एनएसएसच्या (राष्ट्रीय सेवा योजनेच्या) गळ्यात पडलं. मी शिकवतो समाजशास्त्र, पण प्रोग्राम ऑफिसरही मीच, त्यामुळे निघालो पोरांसोबत.

चौथ्या घरी दार उघडलं तर समोर माझाच एमएचा जुना विद्यार्थी. चहा झाला, मग मुलीचा विषय काढला तर म्हणतो, "नाही देणार सर. तुम्हीच शिकवलं ना, तो फ्रेंच विचारवंत फुको, ज्ञान आणि सत्ता वेगळी काढता येत नाही. मग डॉक्टर सांगतात म्हणून मी कसं खरं मानू?" आणि मोबाइल पुढे केला, लसीने ऑटिझम होतो असं फॉरवर्ड.

ही अफवा ज्याच्यापासून सुरू झाली त्या ब्रिटिश डॉक्टर वेकफिल्डचं सगळं मी सांगितलं. 1998 चा लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकातला पेपर, त्यात फक्त 12 पोरं, 2010 ला पेपर मागे घेतला, त्याची डॉक्टरकीही गेली. तर हा शांतपणे म्हणाला, "तोही डॉक्टरच होता ना सर? आणि छापणारे तज्ज्ञच. 12 वर्षं लागली त्यांना."

बोलती बंद. खरं सांगायचं तर मी वर्गात दरवर्षी ल्योतार या फ्रेंच तत्त्वज्ञाचं ते 'महाकथनांवरचा अविश्वास' (म्हणजे सगळं एकाच मोठ्या गोष्टीत बसवणाऱ्या दाव्यांवर विश्वास न ठेवणं) वाक्य फार झोकात सांगतो, आणि ते वाक्य ज्यात आहे तो 1979 चा मजकूर मुळात क्युबेक सरकारच्या विद्यापीठ परिषदेने मागवलेला अहवाल होता, म्हणजे सरकारने तज्ज्ञाकडून लिहून घेतलेला, हे मात्र घाईत राहूनच जातं. फुको तरी कुठे म्हणाला होता की सगळं खोटं आहे, तो विचारत होता की खरं ठरतं कसं. पण हे त्या ओट्यावर बसून बोलणार कसं, आणि बोललो असतो तरी परत एक लेक्चरच झालं असतं.

शेवटी त्याची आईच उठली. "बघून तर येऊ, टोचायचं नंतर ठरवू."

अंगणवाडीत सिस्टरने वाद घातलाच नाही. बाटली त्याच्या हातात दिली. "दादा, हा गोल बघा, आतला चौकोन बघा. चौकोन बाहेरच्या गोलापेक्षा फिका आहे ना? गरमीने तो गोलाइतका गडद झाला की मी टोचत नाही, फेकते."

"हे कोणी ठरवलं?"

"ते मला नाय माहीत," ती हसली, "पण गडद झालेली बाटली मी माझ्या पोराला नसती टोचली."

त्याने बाटली उजेडात धरली. बराच वेळ. सिरिंजचं पाकीट स्वतः फाडून बघितलं. मग मुलीची बाही वर केली.

नंतर अर्धा तास बसायचं असतं, बसलो. मुलगी चॉकलेट खात होती, तो काही बोलला नाही, मीही नाही. सिस्टर बाटलीवर पेनाने लिहिलेली वेळ बघत म्हणाली, "सर, चार तासांत संपवायची असते ही, पावणेतीनला फेकावी लागेल, तेवढ्यात अजून कोणी येतंय का बघा की."

तर तोच उठला. "शेजारच्यांची दोन आहेत," म्हणाला, आणि चप्पल घालून निघाला.