सातवीतलं 'आवडणं' आणि गोष्टीचा डोंगर

इथे अमेरिकेत सातवीच्या इंग्रजीच्या तासाला चक्क वर्गातल्या एखाद्या मुलाला एक मुलगी आवडते अशी गोष्ट वाचायला देतात. नागपुरात हे सांगितलं की पहिली प्रतिक्रिया ठरलेली: "काय शिकवून राहिले बे हे पोरायले?" पण ती गोष्ट प्रेम शिकवायला नसतेच. कथानक, पात्रं, स्थळकाळ, संघर्ष, निवेदन, आशयसूत्र हे घटक वेगवेगळे ओळखता यावेत म्हणून ती असते. अकरा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी याहून सोयीचा विषय सापडणं कठीण, कारण अशा गोष्टीत बाहेर जवळजवळ काहीच घडत नाही. वाघ नाही, चोर नाही, अपघात नाही. सगळी उलथापालथ मनात. त्यामुळे मारामारीचा परिच्छेद शोधून त्याखाली रेघ मारली की झालं, ही पळवाट मुलांना उरत नाही.

इथल्या गोष्टी लॉकर, कॅफेटेरिया आणि शाळेतल्या डान्सभोवती फिरतात. त्या उचलून आपल्याकडे नेण्यात अर्थ नाही. आपण नागपूरच्या महाल भागातला तान्हा पोळा घेऊ, म्हणजे लाकडी बैल घेऊन फिरायचा मुलांचा सण.

सातवीतला अथर्व लाकडी बैल घेऊन गल्लीत उभा आहे. बैलाचं डावं शिंग सकाळीच मोडलंय. ते त्याने झेंडूच्या माळेखाली दडवलंय आणि वरून हात ठेवलाय. जूनअखेर शाळा उघडली तेव्हा वर्गात नवीन आलेली मृण्मयी समोरून येते आहे. 'तुझा बैल भारी आहे' एवढं एकच वाक्य तिच्याशी बोलायचं त्याने ठरवलंय. तेवढ्यात पाऊस येतो. बोजारा, म्हणजे घरोघरी मिळणारा खाऊ-पैसे, मागायला निघालेली सगळी पोरं एका ओसरीत घुसतात. ती शेजारी येऊन विचारते, "हात काहून ठेवला त्याच्यावर?" तो थांबतो. मग हात काढतो. "मोडलं." ती आपला बैल उलटा करून दाखवते. त्याचं मागचं एक चाक सुतळीने बांधलेलं असतं. पाऊस थांबतो, पोरं पुढच्या घरी जातात.

आता संघर्ष. मुलांना एकच वाक्य पुरं करायला द्या: 'अथर्वला अमुक हवं, पण तमुक.' बरीच मुलं लिहितील, 'त्याला मृण्मयीशी बोलायचंय, पण पाऊस येतो.' हे चूक आहे. पाऊस त्याच्या आड येतच नाही, उलट तिला त्याच्याशेजारी आणून उभी करतो. बरोबर वाक्य असं: 'त्याला तिने आपल्याकडे बघावं असं वाटतं, पण मोडकं शिंग तिला दिसू द्यायचं नाही.' अशा मनातल्या संघर्षात वाक्याचे दोन्ही भाग एकाच माणसाच्या मनातले हवेत आणि एक मिळवताना दुसरं सुटायला हवं. तसं होत नसेल, तर तो मनातला संघर्ष नसून नुसती अडचण आहे.

सगळ्यात जास्त घोटाळा उत्कर्षबिंदूवर, म्हणजे गोष्टीच्या शिखरावर होतो, म्हणून तास संपत आला तरी इथे घाई करू नका. कोणी पावसावर खूण करेल, कारण तिथे आवाज आहे. कोणी मृण्मयीच्या प्रश्नावर, कारण ती पहिल्यांदा बोलते. कोणी थेट शेवटच्या ओळीवर. तिघांनाही एकच विचारा: मुख्य पात्राने स्वतः काय ठरवलं, आणि कोणत्या वाक्यानंतर त्याला मागे फिरता येत नाही? पाऊस आणि प्रश्न बाहेरून आले. त्याने स्वतः केलं ते एवढंच: 'मग हात काढतो.' तीन शब्द. गोष्टीचं शिखर तीन शब्दांचं असू शकतं हे सातवीतल्या मुलाला एकदा कळलं, की पुढे मोठ्या कादंबरीतही ते त्याला सापडतं. शिवाय ठरवलेलं वाक्य अथर्व शेवटपर्यंत बोलतच नाही. ते का बोलत नाही, यावर पाच मिनिटं चर्चा होऊ द्या. पात्र कसं आहे ते तिथेच उलगडतं.

इथे बऱ्याच वर्गांत भिंतीवर गोष्टीच्या डोंगराची आकृती असते: ओळख, चढण, शिखर, उतार, शेवट. ती गुस्टाव फ्रायटाग या जर्मन लेखकाच्या 1863 सालच्या मांडणीतून आली. त्याने ती पाच अंकी नाटकासाठी केली होती आणि त्याचं शिखर मधोमध होतं. शाळेतल्या आकृतीत ते उजवीकडे सरकवलेलं असतं आणि लघुकथेला तेच लागू पडतं. चारशे शब्दांची गोष्ट लिहून घ्यायची असेल तर ओळख साठ शब्दांत, चढण दोनशेवीस, शिखर चाळीस, उरलेले ऐंशी उतार आणि शेवटाला. मुलं ओळखीतच दोनशे शब्द घालवतात आणि मग शिखराला जागाच उरत नाही.

मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श, निर्वहण हे पाच संधी, म्हणजे नाटकाच्या कथानकाचे पाच टप्पे, भरताच्या नाट्यशास्त्रात फ्रायटागच्या कितीतरी शतकं आधीपासून आहेत. आपल्या सातवीच्या फळ्यावर मात्र ते कधी येत नाहीत. बाहेर राहून हे बोलणं सोपं आहे, असं कोणी म्हणेल. म्हणोत. बाहेर आल्यामुळेच हा फरक दिसला आणि तो सांगायलाच हवा.

स्थळकाळ तपासायला ओसरी काढून टाका आणि हीच मुलं वर्धा रोडवरच्या मॉलमध्ये नेऊन उभी करा. बैल गेला, शिंग गेलं, एका छपराखाली दाटीवाटीने उभं राहणं गेलं. गोष्ट कोसळली, म्हणजे स्थळकाळ कामाचा होता. गोष्ट जशीच्या तशी उभी राहिली, तर तो केवळ पडदा होता. निवेदनासाठी तोच प्रसंग मृण्मयीला सांगू द्या. तिला शिंगही माहीत नाही आणि अथर्वच्या मनातलंही नाही. म्हणजे चढणीतला सगळा ताण नाहीसा होतो. तो टिकवायचा तर तिला वेगळी काळजी द्यावी लागेल, सुतळीने बांधलेल्या चाकाची.

आशयसूत्राला आपल्याकडच्या सवयी आड येतात. कथालेखनात शेवटी तात्पर्य लिहायची सवय इतकी मुरलेली असते, की मुलं लगेच 'खोटं बोलू नये' असं लिहून मोकळी होतात. 'प्रेम' किंवा 'मैत्री' हाही नुसता विषय झाला. आशयसूत्र म्हणजे पात्रांची नावं न घेता लिहिलेलं पूर्ण वाक्य, आणि त्याला गोष्टीतल्या दोन जागांचा आधार हवा: 'आपलं उणं दाखवल्यावर समोरचाही आपलं उणं दाखवू शकतो.' आधार, काढलेला हात आणि उलटा केलेला बैल.

एका बाबतीत मात्र आपला दहावीचा वर्ग इथल्यापेक्षा सरस आहे. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये असं रसग्रहण लिहिणारा आपला विद्यार्थी शब्दाजवळ थांबतो. इथल्या तक्त्यात कथानक, पात्रं वगैरे सहा घटकांच्या चौकटी भरल्या की गोष्ट संपते. मृण्मयी 'का' न म्हणता 'काहून' म्हणते त्याने काय बदललं, हे विचारायला त्यात चौकटच नाही. तेव्हा डोंगर त्यांचा घ्या, पण सातवी चौकट भाषेची काढा. आणि लिहायला बसण्यापूर्वी एक नियम सांगा: वर्गातल्या कोणाचंही खरं नाव गोष्टीत येता कामा नये. नाही तर पुढचा आठवडाभर वर्गात गोष्टीपेक्षा त्या नावाचीच चर्चा होते.