लेलाइन चार, नाहीतर एकही नाही: हॉगाकच्या उन्हाळ्यातली डेकनिवड

मॅजिक: द गॅदरिंग या कार्डांच्या खेळात मेटा, म्हणजे लोक कुठले डेक घेऊन येतात याचं चित्र, कसा सरकतो हे नीट बघायचं असेल, तर मॉडर्न फॉरमॅटचे (ठराविक संचांचीच कार्डं चालणाऱ्या स्पर्धाप्रकाराचे) 2019 सालचे जून ते ऑगस्ट हे तीन महिने पुन्हा पुन्हा उघडून बघावेत. तीन महिन्यांत मॉडर्न हरायझन्स हा नवा संच आला, दोन वेळा कार्डांवर बंदी आली आणि मुलिगनचा, म्हणजे सुरुवातीचा वाईट हात बदलून घेण्याचा, नियम बदलला. मधोमध बार्सिलोनाला मिथिक चॅम्पियनशिप ही मोठी स्पर्धा झाली. डेक निवडताना होणाऱ्या बहुतेक चुका या एवढ्याशा काळात ठसठशीत दिसतात.

14 जूनला मॉडर्न हरायझन्स आला आणि त्यात हॉगाक, अराइझन नेक्रोपोलिस हे प्राण्याचं कार्ड होतं. किंमत सात माना (माना म्हणजे कार्ड खेळायला लागणारी, लँडमधून मिळणारी शक्ती), ताकद 8/8, आणि ट्रॅम्पल, म्हणजे अडवणाऱ्या प्राण्याला पुरून उरलेला मार थेट खेळाडूला. हॉगाकसाठी माना खर्चच करता येत नाही. सगळी किंमत कन्व्होकने, म्हणजे आपले प्राणी टॅप करून (वापरले म्हणून आडवे करून), आणि डेल्व्हने, म्हणजे ग्रेव्हयार्डमधली (वापरलेल्या कार्डांच्या ढिगातली) कार्डं एक्झाइल करून, खेळातून बाहेर काढून, भरायची. शिवाय तो थेट ग्रेव्हयार्डमधूनही खेळता येतो.

हे वाचायला अवघड वाटतं, टेबलावर किती सोपं जातं ते बघा. पहिल्या टर्नला फेच लँड (स्वतः ग्रेव्हयार्डमध्ये जाऊन दुसरी लँड आणणारी) मोडून लँड आणली, स्टिचर्स सप्लायर हा प्राणी टाकला. सप्लायर लायब्ररीची, म्हणजे उचलायच्या गठ्ठ्याची, वरची तीन कार्डं ग्रेव्हयार्डमध्ये ढकलतो. फेच धरून तिथे चार कार्डं झाली. दुसऱ्या टर्नला आणखी एक फेच मोडली, पाच झाली. एका मानाने ग्रेव्हक्रॉलर टाकला. आता दोन काळे प्राणी टॅप करा, पाच कार्डं डेल्व्ह करा, आणि हातातला हॉगाक दुसऱ्याच टर्नला टेबलावर. एक माना अजून शिल्लक आहे. हॉगाक हा त्या टर्नचा दुसरा प्राणी असल्यामुळे ग्रेव्हयार्डमध्ये या पाच कार्डांखेरीज व्हेन्जव्हाइनही पडलेला असेल तर तोही उठून येतो. त्याला लागलीच हल्ला करता येतो.

यातली एक बारीक गोष्ट खेळणाऱ्यांच्या नजरेतून निसटते. हॉगाकच्या सातपैकी पाच माना बिनरंगी आहेत आणि दोन काळ्या किंवा हिरव्या. डेल्व्ह फक्त बिनरंगी भाग भरतो. म्हणजे ग्रेव्हयार्डमध्ये वीस कार्डं पडली असली तरी टेबलावर काळे किंवा हिरवे असे दोन प्राणी नसतील तर हॉगाक येतच नाही. त्यामुळे पहिल्या टर्नचा बारकासा प्राणी मारण्यावर एक कार्ड घालवणं फुकट जात नाही. फेटल पुश (फक्त स्वस्त प्राणी मारणारं कार्ड) हॉगाकला मारू शकत नाही, ग्रेव्हक्रॉलरला मात्र मारतो आणि तेवढ्याने एक टर्न मिळतो. सप्लायरवर मात्र हे करताना विचार करा, कारण तो मरताना आणखी तीन कार्डं ढकलतो.

8 जुलैला पहिली बंदी आली, ब्रिज फ्रॉम बिलोवर. त्या वेळी हा डेक ब्रिज आणि आल्टर ऑफ डिमेन्शिया मिळून समोरच्याची सगळी लायब्ररी रिकामी करत होता. ब्रिज गेला म्हणजे डेक संपला, असा अनेकांचा समज झाला. तो चुकला, आणि का चुकला हे महत्त्वाचं आहे. ब्रिज हा शेवटचा घाव होता. ग्रेव्हयार्ड भरणं आणि त्यातून फुकट प्राणी काढणं हे इंजिन तसंच राहिलं: सप्लायर, ग्रेव्हक्रॉलर, ब्लडघास्ट, व्हेन्जव्हाइन, कॅरियन फीडर, फेथलेस लूटिंग आणि हॉगाक स्वतः. आल्टर आणि ब्रिजच्या जागी आणखी प्राणी आले, आणि डेक उलट जास्त सरळ, कमी फसणारा झाला. कुठल्याही बंदीनंतर पहिला प्रश्न हाच विचारावा की गेलेलं कार्ड डेकमध्ये नेमकं काय काम करत होतं आणि ते काम आता दुसरं कोण करू शकतं. नावाला घाबरून डेक सोडू नये, आणि नावाला भुलून धरूनही बसू नये.

त्याच महिन्यात लंडन मुलिगन लागू झाला. मुलिगन घेतला की दर वेळी पूर्ण सात कार्डं उचलायची आणि जितक्या वेळा मुलिगन घेतला तितकी कार्डं लायब्ररीच्या तळाशी ठेवायची. या एका बदलाने लेलाइन ऑफ द व्हॉइडचं गणितच पालटलं.

लेलाइन सुरुवातीच्या हातात असेल तर फुकट टेबलावर येते, आणि त्यानंतर प्रतिस्पर्ध्याचं प्रत्येक कार्ड ग्रेव्हयार्डऐवजी एक्झाइल होतं. हॉगाकवाल्याला डेल्व्हसाठी काही उरत नाही, व्हेन्जव्हाइन परत येत नाही. साठ कार्डांत चार लेलाइन असतील तर पहिल्या सात कार्डांत किमान एक येण्याची शक्यता सुमारे 40 टक्के. तीन असतील तर 31.5, दोन असतील तर 22. जुन्या मुलिगनमध्ये सहा कार्डांच्या हातात खरंच सहाच कार्डं बघायला मिळत. आता प्रत्येक मुलिगनला सात बघायला मिळतात. म्हणून चार लेलाइनवाल्याला एक मुलिगन धरून शक्यता 64 टक्के होते आणि दोन धरून 78.

यातून निघणारा नियम कडक आहे: लेलाइन चार घ्या, नाहीतर एकही घेऊ नका. दोन लेलाइनवाला खेळाडू मुलिगनच्या मागे धावू शकत नाही, आणि नंतर उचललेली लेलाइन चार मानाची असते. काळा माना नसलेल्या डेकमध्ये ती मेलेलं कार्ड. "थोडं ग्रेव्हयार्डविरुद्ध ठेवू" म्हणून दोन जागा तिला दिल्या तर त्या दोन्ही वाया जातात. जागा दोनच असतील तर टॉरमॉड्स क्रिप्टसारखं ग्रेव्हयार्ड पुसणारं, कधीही उचललं तरी चालणारं कार्ड बरं.

इतर पर्यायांचे दोषही ओळखून ठेवावेत. सर्जिकल एक्स्ट्रॅक्शन (ग्रेव्हयार्डमधलं एक कार्ड त्याच्या सगळ्या प्रतींसह काढून टाकणारं) माना न देता खेळता येतं, पण सप्लायरने हॉगाक ग्रेव्हयार्डमध्ये टाकला की पहिला अग्रक्रम, म्हणजे पुढची चाल करण्याचा हक्क, टर्न ज्याचा आहे त्यालाच मिळतो. त्याच्याकडे किंमत तयार असेल तर तुम्ही सर्जिकल दाखवण्याआधी हॉगाक ग्रेव्हयार्डमधून निघून स्टॅकवर (खेळल्या जाणाऱ्या कार्डांच्या रांगेत) गेलेला असतो. ग्रॅफडिगर्स केज ग्रेव्हयार्डमधून खेळणं थांबवतो, पण हातात आलेला हॉगाक डेल्व्ह करून खुशाल उतरतो. रेस्ट इन पीस सगळं पुसून टाकतो, पण तो दुसऱ्या टर्नला येतो, आणि समोरचा आधी खेळत असेल तर हॉगाक तोवर बसलेला असू शकतो. शिवाय चार रेस्ट इन पीस असूनही दुसऱ्या टर्नपर्यंत तो हातात येण्याची शक्यता आधी खेळताना 44 ते 45 टक्के आणि नंतर खेळताना जेमतेम 49 टक्के आहे.

26 ते 28 जुलैला बार्सिलोना. हॉगाक हा मैदानातला सगळ्यात मोठा डेक होता, साधारण पाचातला एक खेळाडू तोच घेऊन आला. ते सगळ्यांना आधीच माहीत होतं, त्यामुळे लेलाइन ढिगाने आल्या. तरी हॉगाक कोसळला नाही, कारण हॉगाकवालेही झोपलेले नव्हते. साइडबोर्डमध्ये (पहिल्या गेमनंतर डेकमध्ये बदलून घ्यायच्या राखीव कार्डांत) नेचर्स क्लेम, फोर्स ऑफ व्हिगर, असॅसिन्स ट्रॉफी अशी लेलाइन फोडणारी कार्डं होती. फोर्स ऑफ व्हिगर तर समोरच्याच्या टर्नला एक हिरवं कार्ड एक्झाइल करून फुकट खेळता येतं आणि लेलाइनसारखी दोन कार्डं एकदम फोडतं. लेलाइन फुटली की हॉगाकवाला जिथे होता तिथून पुन्हा सुरू. म्हणून ज्यांनी लेलाइन ठेवून फक्त वाट बघितली ते हरले.

इथली सगळ्यात महाग चूक म्हणजे साइडबोर्डमधून गरजेपेक्षा जास्त कार्डं आत घेणं. चार लेलाइन, तीन सर्जिकल, वर आणखी दोन क्रिप्ट अशी नऊ कार्डं आत आली की आपल्याच डेकची नऊ कामाची कार्डं बाहेर जातात. मग हातात समोरच्याला अडवण्याचं सगळं असतं आणि त्याला मारण्याचं काहीच नसतं. व्हेन्जव्हाइन हातातून चार मानाला खेळता येतो, ब्लडघास्ट दोन मानाला. लेलाइनखालीही हॉगाकवाला हळूहळू मारतच असतो. लेलाइन तुम्हाला तीन-चार टर्न मिळवून देते, त्या टर्नमध्ये जिंकायला तुमचा वेग शाबूत हवा. पाच ते सहा कार्डांपलीकडे बदल करू नयेत, आणि कुठली सहा बाहेर जाणार हे स्पर्धेच्या आदल्या रात्री कागदावर लिहून ठेवावं.

बार्सिलोना जिंकला तो जर्मनीचा थोराल्फ सेव्हरिन, मोनो-ग्रीन ट्रॉन (ठराविक तीन लँड जमवून भरपूर माना काढणारा डेक) घेऊन. ट्रॉनला स्वतःला ग्रेव्हयार्ड लागत नाही, म्हणून मैदानभर पसरलेल्या लेलाइन त्याच्याविरुद्ध रद्दी ठरतात. लोकांच्या साइडबोर्डमध्ये पंधरा जागा असतात. त्यांतल्या पाच-सहा हॉगाकने खाल्ल्या की ट्रॉनसाठी उरतं काय? शिवाय वॉर ऑफ द स्पार्कमधला कार्न, द ग्रेट क्रिएटर साइडबोर्डमधून क्रिप्टसारखी वस्तू (आर्टिफॅक्ट) पहिल्याच गेममध्ये ओढून आणू शकतो. सगळे ज्या दिशेला बंदूक रोखून उभे आहेत त्या दिशेला आपण नसणं, हा डेकनिवडीतला सगळ्यात कमी वापरला जाणारा फायदा आहे.

पण "हॉगाकला हरवणारा डेक घेतो" एवढ्यावर निर्णय करू नका, गणित मांडा. खालचे आकडे फक्त पद्धत दाखवण्यासाठी धरलेले आहेत. समजा मैदानात हॉगाक 20 टक्के, ट्रॉन 15, फिनिक्स हा आणखी एक डेक 15 आणि बाकीचे 50. डेक क हॉगाकला 60 टक्के हरवतो, ट्रॉनला 40, फिनिक्सला 50, बाकीच्यांना 48. डेक ख हॉगाकविरुद्ध 45 वरच आहे, ट्रॉनविरुद्ध 55, उरलेल्या दोन्हींत 52. प्रत्येक टक्केवारीला मैदानातल्या वाट्याने गुणून बेरीज केली तर क ला 49.5 मिळतात आणि ख ला 51. हॉगाकचा कर्दनकाळ म्हणून घेतलेला डेक मागे पडला. आता हॉगाक 35 टक्के, ट्रॉन आणि फिनिक्स 10-10, बाकीचे 45 धरा. क 51.6 वर जातो, ख 50 च्या खाली येतो. म्हणजे तुमचा निर्णय एका आकड्यावर लटकलेला आहे, समोर हॉगाक किती भेटणार यावर. बारा जणांच्या दुकानातल्या स्पर्धेत तो आकडा अंदाजाने काढू नका, कोण काय खेळतो ते नावानिशी लिहा. आणि मोठ्या स्पर्धेत हेही धरा की तुम्ही जिंकत गेलात की वरच्या टेबलांवर जिंकणारे डेक दाटत जातात. पहिल्या फेरीतलं मैदान आणि दहाव्या फेरीतलं मैदान एक नसतं.

दुसरं गणित साइडबोर्डचं. पहिला गेम 35 टक्के आणि साइडबोर्डनंतरचे गेम 55 टक्के जिंकत असाल तर मॅच जिंकण्याची शक्यता सुमारे 48 टक्के. तेच 55 चे 65 केले की मॅच 58 वर जाते. पहिला गेम तसाच वाईट राहूनही! प्रत्येक मॅचमध्ये साइडबोर्डनंतर किमान एक गेम होतो, साधारण निम्म्या वेळा दोन. सराव मात्र लोक पहिल्या गेमचाच करतात. दहा गेम खेळणार असाल तर सात साइडबोर्ड करून खेळा.

ऑगस्टमध्ये हॉगाकवाले आपल्या मुख्य डेकमध्येच लेलाइन ठेवू लागले, समोरच्या हॉगाकला अडवायला. डेक काळा असल्याने उशिरा आलेली लेलाइन त्यांना निदान खेळता तरी येत होती. मेटा इतका स्वतःभोवती फिरू लागला की काहीतरी होणार हे स्पष्टच होतं. 26 ऑगस्टला हॉगाक आणि फेथलेस लूटिंग दोन्हींवर बंदी आली आणि स्टोनफोर्ज मिस्टिक या प्राण्यावरची जुनी बंदी उठली. लूटिंग गेल्याचा धक्का हॉगाकपेक्षा दूरवर पोहोचला, कारण फिनिक्स आणि ड्रेज हे ग्रेव्हयार्डवर चालणारे डेक याच एका कार्डावर उभे होते.

अशा बंदीच्या दुसऱ्या दिवशी साइडबोर्ड उघडून बसायचं. चारही लेलाइन बाहेर. ग्रेव्हयार्डसाठी दोन-तीन जागा पुरतात आणि तिथे कधीही उचलता येणारी कार्डं ठेवायची. मोकळ्या झालेल्या जागा वस्तू फोडणाऱ्या कार्डांना द्यायच्या, तीही इन्स्टंटच, म्हणजे समोरच्याच्या टर्नलाही खेळता येणारी, हवीत. मिस्टिक दुसऱ्या टर्नला येते आणि बॅटरस्कल हे शस्त्राचं कार्ड हातात आणते, तिसऱ्या टर्नला दोन माना देऊन ते टेबलावर ठेवते. बॅटरस्कल तीन मानाने मालकाच्या हातात परत जातं, आणि त्या क्षणी त्याच्याकडे तीनपैकी एकच लँड मोकळी असते. कोलाघन्स कमांड हा वस्तू फोडणारा इन्स्टंट मारायचा तो त्याच टर्नला. त्याच्या लँड पुन्हा अनटॅप झाल्या की कमांड दाखवताच बॅटरस्कल हातात जाईल.

आणि मिस्टिक दिसल्या दिसल्या मारा, ती अजून टॅप होऊ शकत नाही तोवरच.