टॉवेलचे वजन आणि माझा पसंतीक्रम

सोलापूर, रविवार, रात्री साडेदहा

आज अभियांत्रिकी प्रवेशाच्या अर्जात मी पहिल्या पसंतीला मेकॅनिकल शाखा भरली. मामांना ते फारसे रुचलेले नाही. पुढे धंदाच करायचा आहे तर चार वर्षे यंत्रांमागे कशाला घालवायची, बी.कॉम. करता करता एखाद्या पेढीवर बसून व्यवहार शिकावा, असे त्यांचे म्हणणे आहे. त्यांची काळजी खरी आहे, म्हणूनच माझे उत्तर इथे नीट लिहून ठेवतो.

अप्पा अक्कलकोट रोड एमआयडीसीतील एका यंत्रमाग कारखान्यात जॉबर, म्हणजे माग लावून देणारे आणि दुरुस्त करणारे कारागीर, आहेत आणि आई घरी टॉवेलच्या कडा शिवते. दिवाळीच्या सुट्टीत मी त्याच कारखान्यात हिशेब लिहायला जात होतो. एका मोठ्या मागणीत अंदाजापेक्षा बरेच जास्त सूत खर्ची पडले होते. मी वही तीनदा तपासली. बेरजा बरोबर होत्या. तेव्हा अप्पांनी मला मागापाशी नेले. टेरी टॉवेलच्या मागावर ताण्याचे, म्हणजे उभ्या धाग्यांचे, दोन बीम (धागे गुंडाळलेले रूळ) असतात, एक घट्ट आणि दुसरा लूपसाठी, म्हणजे टॉवेलवरच्या धाग्याच्या फाशांसाठी, ढिला. धागे ठोकून बसवणारी फणी पहिले दोन बाणे, म्हणजे आडवे धागे, विणून झालेल्या कापडाच्या कडेपासून थोडे अंतर राखून ठोकते आणि तिसऱ्या बाण्याला तिन्ही एकदम पुढे सरकवते, त्या वेळी ढिल्या ताण्याचे लूप वर उठतात. ते अंतर किंचित वाढले की लूप उंच होतो, टॉवेल जड होतो आणि डझनाचा भाव मात्र ठरलेलाच राहतो. एका टॉवेलमागे १० ग्रॅम सूत जास्त गेले, तर हजार डझनांत १२० किलो सूत जाते. नफा वहीत नव्हे, त्या फणीपाशी ठरत होता, हे मला त्या दिवशी उमगले.

मामा वालचंद हिराचंदांचा दाखला देतात. १८८२ मध्ये आपल्या सोलापुरात जन्मलेल्या या माणसाने रेल्वेच्या ठेकेदारीपासून सुरुवात केली, १९४० मध्ये बेंगळुरूला विमानांचा कारखाना आणि १९४१ मध्ये विशाखापट्टणमला जहाजबांधणीचा कारखाना उभा केला, आणि ते इंजिनिअर नव्हते, हे सारे मला मान्य आहे. पण त्यांना जाणकार माणसे नेमता आली. माझ्याजवळ तेवढे भांडवल नाही. सुरुवातीला यंत्र मलाच कळले पाहिजे, मलाच दुरुस्त करता आले पाहिजे. जुन्या मागांवर बसवता येईल असे, लूपची उंची सतत मोजणारे स्वस्त साधन तयार करून विकावे, असे मनात आहे.

जेवताना हे अप्पांना सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, उद्या पाळी बदलताना तीन नंबरचा माग अर्धा तास बंद ठेवायला मालकांना विचारतो, तू मोजपट्टी घेऊन ये.