रोजचे दहा सेंट

रोज दहा सेंट बाजूला टाकले आणि त्यावर सहा टक्के व्याज धरलं, तर दहा वर्षांनी 489 डॉलर 31 सेंट होतात. हा हिशेब माझा नाही. गुलामीतून नुकत्याच सुटलेल्या माणसांसाठी अमेरिकेत जी फ्रीडमन्स सेव्हिंग्ज बँक निघाली, तिनं तो छापून वाटला होता. पण बत्तीस वर्षं बचत खात्याच्या काउंटरवर काढल्यामुळे छापील आकडा तपासल्याशिवाय मला चैन पडत नाही. सहामाही चक्रवाढीनं मांडून बघितला, तर तीसेक सेंटांचा फरक आला, तोही बहुधा माझ्याच पूर्णांकांचा. हिशेब चोख होता. बँक बुडाली ती वेगळ्या कारणानं.

अमेरिकन यादवीतल्या लढाया आणि नकाशे माझ्या डोक्यात फार वेळ टिकत नाहीत. मात्र युद्ध नेमकं कशावरून झालं याबद्दल कुणी गोलमोल बोलायला लागलं की चीड येते. म्हणे राज्यांचे हक्क! देशातून फुटून निघालेल्या दक्षिणेकडच्या राज्यांचा उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स मार्च 1861मध्ये सव्हाना शहरात भर सभेत सांगून मोकळा झाला होता, की काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही, हीच आमच्या नव्या सरकारची कोनशिला. त्यानंतर महिन्याभरात फोर्ट समटर या सरकारी किल्ल्यावर दक्षिणेच्या तोफा सुरू झाल्या. ज्यांनी युद्ध सुरू केलं तेच कारण सांगताहेत, तर आपण दुसरं कशाला शोधायचं?

मी या विषयात शिरले ती पगारपत्रकातून. उत्तरेच्या, म्हणजे लिंकनच्या सरकारच्या, फौजेत गोऱ्या शिपायाला महिना 13 डॉलर. काळ्याला 10, आणि त्यातूनही कपड्यांचे 3 कापायचे. म्हणजे हातात 7. गोळी दोघांनाही सारखीच लागणार होती. मॅसॅच्युसेट्सच्या काळ्या शिपायांच्या 54व्या पलटणीनं असला पगार घ्यायलाच नकार दिला आणि महिनोन्‌महिने फुकट लढली. साउथ कॅरोलिनाच्या तिसऱ्या काळ्या पलटणीतला सार्जंट विल्यम वॉकर याच कारणावरून आपल्या तुकडीला बंदुका खाली ठेवायला घेऊन गेला, तर फेब्रुवारी 1864मध्ये त्याला बंडखोर ठरवून गोळ्या घातल्या. जूनमध्ये काँग्रेसनं, म्हणजे अमेरिकेच्या संसदेनं, पगार समान केला! चार महिन्यांचं अंतर. कितीही वेळा वाचलं तरी तिथे मी अडखळतेच.

मग प्रश्न आला, हे पैसे ठेवायचे कुठे? साउथ कॅरोलिनातल्या ब्यूफर्टला उत्तरेच्या जनरल सॅक्स्टननं काळ्या शिपायांसाठी एक लष्करी बचत बँक चालवली होती. तशा एकदोन ठिकाणच्या अनुभवावरून 3 मार्च 1865 रोजी लिंकननं फ्रीडमन्स बँकेच्या कायद्यावर सही केली. पुढे सहा आठवड्यांत त्याचा खून झाला.

चाळीस लाख माणसं मोकळी झाली होती, पण त्यांच्या हातात जमीन नव्हती. उत्तरेच्या जनरल शर्मननं दक्षिणेच्या किनारपट्टीवर कुटुंबामागे चाळीस एकरांपर्यंत जमीन द्यायचा हुकूम काढला होता. लिंकननंतरचा अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन, त्यानं त्याच वर्षी ती जमीन जुन्या मालकांना परत करायला सुरुवात केली. दिलेलं काढून घेतलं, तेव्हा विकत घेणं आलं. म्हणून लोक बँकेत येत होते. कुणी तबेल्याची, कुणी गवंड्याची, कुणी धुणावळीची कमाई घेऊन. सरकारची बँक आहे असा त्यांचा समज होता, आणि तो मोडायची बँकेला काही घाई नव्हती. सरकारनं मात्र हमी कधीच घेतलेली नव्हती.

सुरुवातीला नियम कडक होता, दोन तृतीयांश ठेवी सरकारी रोख्यांतच. 1870मध्ये कायदा बदलून जमीन-घरांच्या तारणावर कर्ज द्यायला मुभा मिळाली. पुढचं कुठल्याही बँकवाल्याला न सांगता कळेल. वित्त समितीवर हेन्री कुक बसलेला, त्याचा भाऊ, पेढीवाला जे कुक, रेल्वेच्या रोख्यांत आकंठ बुडालेला, आणि बँकेचा पैसा त्याच्या पेढीकडेही गेलेला. 1873च्या सप्टेंबरात जे कुकची पेढी कोसळली. मार्च 1874मध्ये फ्रेडरिक डग्लसला, गुलामीतून निसटून नामांकित वक्ता झालेल्या माणसाला, बँकेच्या अध्यक्षाच्या खुर्चीवर बसवलं. त्यानं स्वतःचे 10 हजार डॉलर बँकेला उसने दिले आणि मग वह्या उघडून बघितल्या. आपलं लग्न प्रेताशी लावलं गेलं, असं तो नंतर म्हणाला. जूनअखेर दारं बंद. 61 हजारांवर खातेदार, जवळजवळ 30 लाख डॉलर. पुढे कित्येक वर्षं तुकड्यातुकड्यांनी रुपयामागे दहा आण्यांच्या हिशेबानं परतफेड झाली, तीही ज्यांनी पासबुक जपून ठेवलं आणि दावा लावला त्यांना.

त्या बँकेच्या खातेदारांच्या नोंदवह्या मात्र उरल्या. युटाच्या तुरुंगातल्या साडेपाचशे कैद्यांनी अकरा वर्षं खपून त्यांतली 4 लाख 80 हजार नावं उतरवून काढली, म्हणून आज ती शोधता येतात.

मी दुपारी त्यांचीच पानं चाळत बसते. खातं उघडताना ओळख पटवायला खूण लागतेच. आमच्याकडे शाईच्या पॅडवर अंगठा. तिथे फुली. फुलीच्या एका बाजूला कारकुनानं लिहिलेलं नाव, दुसऱ्या बाजूला आडनाव, वर 'त्याची', खाली 'खूण'. अशा माणसाला पुन्हा ओळखायचं कसं? म्हणून घरची माहिती विचारायची. बाप कोण, आई कोण, भावंडं किती, जन्म कुठला, लहानाचा मोठा कुठे झाला. बँकेला हवा होता पडताळा. पण ज्याची आई लहानपणीच विकून दुसरीकडे नेली, तोही या चौकटीत तिचं नाव सांगत होता, आणि कुणी तरी ते शाईनं लिहून घेत होतं. भावंडांची यादी ओळीत मावत नाही, समासात चढते. कारकुनाचं अक्षर तिथे बारीक होत जातं.

सुरुवातीच्या फॉर्मांवर मालकाचं नाव आणि मळ्याचं नाव अशाही चौकटी होत्या. नंतरच्या छपाईत त्या गेल्या. त्यांच्याऐवजी एक साधा प्रश्न दिसतो, काम कोणाकडे करता? त्यापुढे अनेक पानांवर कारकुनानं एकच शब्द लिहिलाय: स्वतःकडे.