शहात्तरची लय

बेथोवनच्या सातव्या सिंफनीचा दुसरा भाग सगळीकडे 'संथ' म्हणून सांगतात. आम्हा तबलेवाल्यांना ते काही पटत नाही. किराणा घराण्याच्या गायकीचा विलंबित एकताल धरलाय कधी? एकेक मात्रा चार-पाच सेकंदांची, मधली जागा भरता भरता घाम फुटतो. संथ म्हणावं ते त्याला. (कुमार गंधर्व आमच्या बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेले, पण बडा ख्याल इतका लांबवणं त्यांना मानवत नसे. त्यांच्याबरोबर वाजवणाऱ्यांचा हेवा वाटतो.)

बेथोवननं या भागावर लिहिलंय 'अलेग्रेटो', म्हणजे थोडी चालती लय. १८१७ मध्ये त्यानं आपल्या सिंफन्यांचे मेट्रोनोमचे, म्हणजे लय मोजायच्या यंत्राचे, आकडे छापले, त्यात इथं मिनिटाला ७६ ठोके आहेत. सरळ सरळ मध्यलय. हा भाग २७८ मापांचा, दर मापात दोन मात्रा. ७६नं गेलात तर सव्वासात मिनिटांत आटोपतो. वाद्यवृंद चालवणाऱ्यांपैकी फुर्टवेंग्लर त्यालाच साधारण दहा मिनिटं लावतो, कार्लोस क्लायबर आठ.

मला हे ऐकायला लावलं गणेशपूरच्या काकांनी. मराठा लाइट इन्फंट्रीच्या बँडात ते क्लॅरनेट वाजवायचे, आता निवृत्त आहेत. त्यांच्या माडीवर आधी फुर्टवेंग्लर लावला. निम्म्यातच काका म्हणाले, "कुठं थांबूलालाय हा माणूस? पाय पडायला नकोत काय?" मग क्लायबर लावला, आणि मी मांडीवर बोल धरले: धा तिट धा धा, धा तिट धा धा. एक लांब, दोन आखूड, दोन लांब. चार मात्रांचा एवढाच तुकडा, आणि सगळी इमारत त्याच्यावर उभी.

चाल म्हणावी तर सुरुवातीला चालच नाही. व्हायोला, चेलो आणि बेस ही तंतुवाद्यं खालच्या पट्टीत हा ठेका धरतात आणि वरचा सूर बराच वेळ पंचमावरच खिळलेला. स्वर ए मायनर. पेटीवर पांढरी सहा षड्ज धरा, गंधार-धैवत कोमल, निषाद बहुतेक शुद्ध, म्हणजे आपल्या किरवाणी रागाच्या अंगाचं. पुढं तोच तुकडा दुसऱ्या व्हायोलिनांकडं जातो, मग पहिल्यांकडं, आणि खाली व्हायोला-चेलो एक वेगळीच लांब सुरावट सुरू करतात. मला या सगळ्यात तीच जास्त आवडते. ठेका मुका राहतो, बोलते ती ही खालची सुरावट.

उदासपणा येतो तो इथून, लयीतून नव्हे. सूर कोमल, ठेका न बदलणारा, आणि आवाज थराथरानं वाढणारा. लय ओढली की ठेका सुटतो, मग नुसता रडका सूर उरतो.

मधे ए मेजर येतो. षड्ज हलत नाही. कोमल गंधार-धैवत शुद्ध झाले की किरवाणीचा बिलावल. क्लॅरनेट आणि बासून ही फुंकवाद्यं गातात, व्हायोलिनं तीन-तीनच्या गुच्छात वाहतात. ऊन पडल्यासारखं वाटतं, पण कान खाली लावा: बेस तोच ठेका बोटानं तार छेडत धरून बसलाय. दुःख गेलेलं नाही, बाजूला झालंय. रसिकांनी ते लगेच ओळखलं. ८ डिसेंबर १८१३ ला व्हिएन्नात, हानाऊच्या लढाईतल्या जखमी सैनिकांसाठी कार्यक्रम होता. त्यात याच भागाला वन्समोअर मिळाला. आमच्याकडं नाट्यपदाला मिळतो तसा, पदरात पाडून घेतलेला.

पहिला आणि शेवटचा स्वरगुच्छ एकच, फुंकवाद्यांचा, आणि त्याच्या तळाशी षड्ज नाही, पंचम आहे. त्यामुळं सम आली असं वाटतच नाही. आमच्या शिकवणीतल्या पोरांना हे फार खटकलं; एकानं तर पेटीवर स्वतःच षड्ज धरून संपवून टाकलं.

आता आम्ही ते पेटी, क्लॅरनेट आणि तबल्यावर बसवतोय. काकांचं म्हणणं, मधल्या भागात क्लॅरनेटला दम घ्यायला जागा हवी, ७२ वर आणा. मी ७६ सोडत नाही. चार ठोक्यांसाठी रोज भांडण, आणि काकू चहा ठेवताना म्हणतात, "बेथोवनला विचारा की."